चष्मेवाल्याच्या हाती ट्रॅक्टर

चष्मेवाल्याने पहिल्यांदा ट्रॅक्टरखाली पाठ टेकली तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात दोन स्क्रू ड्रायव्हर होते, आणि दोन्ही मिळून आगपेटीच्या काडीएवढे जाड भरत नव्हते. आडवं पडून त्याने वर पाहिलं. वर लोखंडाचा डोंगर होता. त्या डोंगरातून काळ्या तेलाचा एक थेंब अगदी सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखा, खाली आला आणि बरोबर त्याच्या डाव्या भिंगावर पडला.

"दिसतंय का काही?" बाहेरून आत्याने विचारलं.

"दिसत होतं. आता नाही."

चष्मेवाला म्हणजे बाजारपेठेच्या वळणावरच्या अरुंद दुकानातला माणूस. पुढे काचेचा काउंटर, मागे भिंतभर आरसे, कोपऱ्यात वरून खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, आणि काउंटरवर मऊ कापड घातलेलं एक ताट. त्या ताटात चष्मा ठेवायचा, तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू चिमटीत धरायचा आणि श्वास रोखून फिरवायचा. हे काम त्याच्या वडिलांनी केलं आणि तीस वर्षं तो करत होता. शिंक आवरण्यात त्याचा हात धरणारा दुसरा माणूस सापडला नसता. पण लोखंडाशी त्याचा संबंध दुकानाच्या शटरपुरता, आणि ते शटरही बायकोने दोन लाथा घातल्याशिवाय वर जात नसे.

असा माणूस ट्रॅक्टरखाली गेला तो आत्यामुळे.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. शहराबाहेरच्या शेतात तिने एकटीने आयुष्य काढलं. नांगरट, पेरणी, पाणी, सगळं तिनेच पाहिलं, आणि हा ट्रॅक्टर तिनेच चालवला. आता जमीन शेजारच्या शेतकऱ्याकडे कसायला दिलेली होती, ट्रॅक्टर बरीच वर्षं शेडमध्ये उभा होता आणि आत्या त्याला 'म्हातारा' म्हणायची. स्वतः ऐंशीला टेकली होती, पण म्हातारा तो.

मागच्या महिन्यात परसातल्या पायरीवरून तिचा पाय घसरला. भर दुपारी पडली ती दूधवाला येईपर्यंत तिथेच पडून राहिली. दूधवाला घाबरून ओरडत धावला, तर ही पडल्यापडल्या म्हणाली, "आज उशीर केलास." हाड मोडलं नव्हतं, कंबरेला मार होता. पण चष्मेवाल्याची झोप उडाली. पुढच्या वेळी दूधवाला सुट्टीवर असला तर? आत्याला घरी आणायचंच, असं त्याने ठरवलं. बायकोही लगेच हो म्हणाली. आतली खोली रिकामी केली, खिडकीला नवा पडदा लावला. आता फक्त आत्याला विचारायचं बाकी होतं. आणि घोडं नेमकं तिथेच अडलं.

"येईन की," आत्या म्हणाली. "पण आधी म्हाताऱ्याचं बघ."

"त्याचं काय बघायचं? भंगारवाल्याला फोन करतो."

"कर. माझाही फोटो पाठव. दोघांचा एकदम भाव करेल."

"आत्या, अगं..."

"अगंबिगं काही नाही. तो शेजारचा घ्यायला तयार आहे, चालता असला तर. म्हातारा स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर जाईल, त्या दिवशी मी घराला कुलूप लावीन. तोवर मला हलवायचं असेल तर दोन माणसं नि एक दोरखंड घेऊन ये."

दोरखंड आणूनही उपयोग झाला नसता, हे चष्मेवाल्याला ठाऊक होतं. मग त्याने शहरातला एक मेकॅनिक आणला. मेकॅनिकने खिशात हात घालून ट्रॅक्टरभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "काका, यात चांगलं काय आहे तेवढं दाखवा. बाकीचं बदलून टाकतो." आत्याने त्याला चहासुद्धा न देता फाटकापर्यंत पोचवला. आल्यावर म्हणाली, "परक्याचा हात नको. बोलतो कसा बघितलंस ना? घरच्या माणसानेच करायचं."

घरचा माणूस म्हणजे कोण, ते सांगायला नको. दोघांपैकी एकाला धड वाकता येत नव्हतं.

चष्मेवाल्याने मनाची समजूत घातली. शेवटी यंत्र ते यंत्र. चष्मा लहान, ट्रॅक्टर मोठा, एवढाच काय तो फरक. चष्म्यालाही स्क्रू, यालाही स्क्रू. नवी बॅटरी टाकली, जुनं तेल बदललं, की दोन रविवारांत काम फत्ते. त्याने बायकोला तसं सांगितलंही. बायको नुसती हसली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ते हसणं परवडत नाही.

बॅटरी नवी टाकली. सेल्फ मारला. आतून एक मोठ्ठा सुस्कारा आला आणि सगळं शांत झालं. सेल्फ काढला, तर त्याचे दात झिजलेले. नवे बसवले, तर डिझेल येईना. टाकी उघडली, तर आत गंजाचा लाल चिखल. टाकी धुतली, तर धुताना तिला भोक पडलं. भोक डागून घेतलं आणि हवेचा फिल्टर उघडला, तर आत उंदरांचं घरटं, आणि घरट्यात मऊ निळ्या लोकरीचा लगदा.

आत्याने तो लगदा दोन बोटांत धरून उजेडात नेला. "ही माझी शाल."

"कुठली?"

"ती हरवली म्हणून मी समोरच्या शेजारणीशी चार वर्षं बोलत नाही."

"मग आता बोल जाऊन."

"आता काय बोलणार? तिलाही सवय झाली, मलाही."

उंदरांची सोय लागली, तर रेडिएटर गळायला लागला. रेडिएटर काढायचा म्हणजे पुढचं झाकण काढायला हवं. झाकण काढलं, तर त्याची बिजागरी हातात आली. रेडिएटर निघाला, तर मागचा पाण्याचा पंप दिसला, आणि दिसला नसता तर बरं झालं असतं. पंप काढला तेव्हा कळलं की इंजिनाच्या डोक्याखालचं गॅस्केट जळलंय आणि पाणी तेलात जाऊन दोघांचा दुधाळ चहा झालाय. म्हणजे डोकंच काढायला हवं. दुरुस्तीच्या या धंद्यात एक काम संपत नाही, ते व्यालेलं असतं.

दर सोमवारी सकाळी चष्मेवाला हातात काळंकुट्ट काहीतरी घेऊन पार्टवाल्याच्या दुकानात उभा राही. पार्टवाला गलेलठ्ठ, शांत माणूस. त्याच्या मागे छतापर्यंत खोकी होती आणि त्यातलं हवं ते खोकं त्याला मान न वळवता सापडायचं. पण तो जे बोलायचा नाही, त्याची चष्मेवाल्याला जास्त भीती वाटे.

"गॅस्केट द्या."

"नुसतं गॅस्केट?"

"हो."

"डोकं आवळायचे स्टड नकोत?"

"ते चांगले आहेत."

"चांगले आहेत?" पार्टवाला गॅस्केट कागदात गुंडाळायचा. "बरं."

त्या 'बरं'ने चष्मेवाल्याचा आठवडा जायचा.

दुकानातही परिणाम दिसायला लागला. नखांत काळं, हाताला वास. एक निवृत्त हेडमास्तरीणबाई दुरुस्त झालेला चष्मा परत घेऊन आल्या. "नंबर बरोबर आहे हो," त्या म्हणाल्या, "पण डोळ्याला लावला की ट्रॅक्टरवर बसल्यासारखं वाटतं." चष्मेवाल्याने तो चष्मा साबणाने तीनदा धुतला. बायकोने मागून नाक धरलं. "यांना सवय व्हायला हवी. आमच्या उशीलाही तोच वास आहे."

अखेर एका रविवारी म्हातारा सुरू झाला.

आधी काही झालं नाही. मग आत कुठेतरी खाकरल्यासारखा आवाज आला, नळकांड्यातून गांधीलमाश्यांचं वाळकं पोळं गोळीसारखं सुटून शेडच्या पत्र्यावर आदळलं, मागोमाग काळ्या धुराचा लोट, आणि मग तो दणदणाट! पत्रे थरथरले, भिंतीवरचं खोरं खाली पडलं, कोंबड्या कुंपणापार गेल्या. चष्मेवाला दोन्ही हात वर करून नाचत होता आणि काहीतरी ओरडत होता. काय, ते त्यालाही ऐकू आलं नाही. आत्या दाराशी उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"धूर फार आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात म्हातारा गचके देऊन बंद पडला.

हरकत नाही, एवढं तर चालायचंच. चष्मेवाल्याने सगळे जोड पुन्हा तपासले, आवळले, म्हातारा पुन्हा सुरू करून दाखवला आणि निघताना छाती काढून म्हणाला, "आत्या, पुढच्या रविवारी नक्की. सामान बांधायला घे."

आत्या काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी शेडचं दार उघडलं, तर ट्रॅक्टरखाली डिझेलचं डबकं आणि रेडिएटरखाली पाण्याचं. सेल्फ मारला. म्हातारा दोनदा खोकला आणि गप्प. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. ती काढायची म्हणजे नळीचा नट ढिला करून, हाताने पंप मारत, फेसाचे बुडबुडे जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत बसायचं. हात दुखेपर्यंत बसला. म्हातारा सुरू झाला. "पुढच्या रविवारी नक्की."

त्याच्या पुढच्या रविवारी तेलाच्या फिल्टरमधून गळती. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा डिझेल, आणि शिवाय चाकाचा एक नट चक्क बोटाने फिरत होता. चष्मेवाला डोक्याला हात लावून बसला. गेल्या रविवारी त्याने स्वतः, स्वतःच्या हाताने हा नट आवळला होता. नट काय आपणहून फिरतात?

"नाही फिरत," बायको म्हणाली. ती रात्रीच्या जेवणाची ताटं घेत होती. "फिरवणारा लागतो."

"म्हणजे?"

"तिथे आठवडाभर कोण असतं?"

"दूधवाला येतो."

"अहो, दूधवाल्याला काय पडलंय? म्हातारा फाटकाबाहेर गेला तर कोणाला घर सोडावं लागणार आहे?"

चष्मेवाल्याचा घास हातातच राहिला. "छे! आत्या असं करायची नाही."

"मी कुठे म्हणते करते? मी आपलं विचारलं. भाजी घ्या."

पण एकदा कानात पडलेली गोष्ट तेलाच्या डागासारखी पसरत जाते. आत्याला पाना हाताळता येतो, चांगला येतो. आत्या रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन ट्रॅक्टरवर जाऊन बसते, तिने स्वतःच सांगितलं होतं. आणि दर रविवारी 'सामान बांध' म्हटलं की ती गप्प होते. तशी ती नळाला, मांजराला, आकाशालाही उत्तर देणारी बाई! दुकानात चष्मे पुसता पुसता चष्मेवाला हा हिशेब मांडत बसला, आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं.

मग त्याने एक हुशारी केली. हुशारी हा त्याचा प्रांत नव्हता, म्हणून ती आणखी ठळक दिसली. बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली खिशात घालून तो शेतावर गेला. सगळे नट आवळले आणि आत्या चहा टाकायला आत गेल्यावर प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडावर जाणारी एकेक बारीक रेघ ओढली. डिझेलच्या नळीवर, फिल्टरवर, रेडिएटरच्या पट्टीवर, चाकावर, सगळीकडे. केसासारख्या सरळ रेघा. अशा कामाला मात्र त्याचा हात सोन्याचा होता. कोणी नट जरा जरी फिरवला, की रेघ मोडणार. चोर रंगेहाथ.

पुढच्या रविवारी तो तरातरा शेडमध्ये शिरला आणि आधी जमिनीकडे पाहिलं. डबकं होतं. नेहमीएवढंच, नेहमीच्याच जागी.

महिनोन्महिन्यांचं सगळं त्याच्या घशाशी आलं. फुटलेली बोटं, भोकाची टाकी, पार्टवाल्याचं 'बरं', उशीचा वास, सगळं.

"आत्या!"

"काय रे, ओरडतोस कशाला? कंबर गेलीय माझी, कान नाही."

"तुला यायचं नाही तर सरळ सांग. सरळ! मी काय लहान आहे? पन्नाशी उलटली माझी. दर रविवारी इथे येऊन लोखंडाशी डोकं फोडून घेतो, आणि मागे तू..."

"मागे मी काय?"

"नट ढिले करतेस!"

आत्या चौकटीला धरून उभी होती. तिने चौकट सोडली. "मी?"

"मग कोण? आणि खोटं बोलू नकोस, माझ्याकडे पुरावा आहे. ये इकडे, दाखवतो."

तो गुडघ्यांवर बसला, टॉर्च लावला आणि डिझेलच्या नळीपाशी प्रकाश धरला. लाल रेघ नटावरून लोखंडावर सरळ, अखंड उतरली होती. त्याने फिल्टर पाहिला. रेघ अखंड. रेडिएटर. अखंड. चाकापाशी गेला आणि अगदी नाक लावून पाहिलं. तिथेही अखंड. टॉर्चचा प्रकाश या नटावरून त्या नटावर पळत राहिला. मागे आत्या वाकून पाहत होती.

"ही लाल रेघ कसली रे?"

चष्मेवाल्याने टॉर्च विझवला.

"नखांचा रंग आहे. तुझ्या बायकोचा." ती हळूच सरळ झाली. कंबरेवर हात ठेवला. "म्हणजे मी नट फिरवला तर कळावं म्हणून."

"आत्या..."

"नाही, कल्पना छान आहे. आता जा तू."

त्या दिवशी तिने चहा विचारला नाही. फाटक लावतानाचा कडीचा आवाज चष्मेवाल्याला घरापर्यंत ऐकू येत राहिला. घरी बायकोने नुसतं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि नेलपॉलिशची बाटली परत मागितली नाही.

मंगळवारी दुकानात एक कंडक्टर आला. चष्म्याची दांडी खिळखिळी झाली होती. चष्मेवाल्याने ताट पुढे ओढलं, स्क्रू चिमटीत धरला, श्वास रोखला आणि फिरवला. एक फेरा, दोन फेरे, घट्ट. आणि मग त्याच्या अंगठ्याने, त्याला न विचारता, स्क्रू केसभर मागे घेतला.

तो थांबला. स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

"काय झालं?" कंडक्टरने विचारलं.

"काही नाही. थांबा."

त्याने स्क्रू पुन्हा घट्ट केला. अंगठा पुन्हा केसभर मागे आला. वडिलांनी शिकवलं होतं तसं: घट्ट झाला की केसभर मागे घे, नाहीतर काच तडकते, भिंगालाही श्वास घ्यायला जागा हवी. पहिल्या वर्षी त्याने दोन भिंगं तडकवली आणि वडिलांनी एक शब्द न बोलता तुकडे त्याच्या ताटात ठेवले होते. तेव्हापासून हा केसभर मागचा फेरा त्याच्या हातात असा मुरला होता की तो आहे हेही तो विसरला होता. म्हाताऱ्याचा प्रत्येक नट त्याने जीव तोडून, घाम गाळून, दात ओठ खाऊन आवळला होता. आणि शेवटी प्रत्येकाला श्वास घ्यायला जागा ठेवली होती.

"अरे देवा," तो म्हणाला.

"नंबर वाढलाय का?" कंडक्टर घाबरला.

रविवारी शेतावर जाताना त्याने तीन वेगवेगळ्या माफ्या तयार केल्या. त्यातली एकही आठवली नाही. आत्या शेडमध्येच होती, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसलेली. तो समोर जाऊन उभा राहिला आणि खिशातून चष्म्याचा स्क्रू काढून, तो कसा फिरवायचा आणि कसा मागे घ्यायचा, हे सगळं हवेत करून दाखवत राहिला. आत्या त्याच्या हातांकडे पाहत होती. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे मीच. सगळे नट मीच ढिले ठेवत होतो. नकळत."

"नकळत?"

"शप्पथ."

आत्याने काठी बाजूला ठेवली. "म्हणजे मुद्दाम नाही?"

"मुद्दाम? मी कशाला मुद्दाम करू?"

"मला काय माहीत? दर रविवारी तू गेलास की मी हात लावून बघायची. सगळे ढिले. म्हटलं, इतका शिकलासवरलेला पोरगा, त्याला नट आवळता येत नाही होय? घरात जागा नसेल. किंवा बायको नको म्हणत असेल. तोंडावर नाही म्हणायला याची जीभ रेटत नाही, म्हणून बिचारा नट ढिले ठेवतोय."

चष्मेवाला खालीच बसला. "अगं, खोलीला नवा पडदा लावलाय! मग मला विचारायचंस ना!"

"तू मला विचारलंस? तू रंग लावलास."

चष्मेवाल्याने स्क्रू परत खिशात टाकला.

"आणि ढिले दिसत होते, तर आवळायचेस की," तो म्हणाला.

"आणि मग तुला वाटलं असतं, म्हातारीला यायची घाई झालीय."

शेडच्या पत्र्यावर कोंबडी चालत होती. तिची नखं वाजत होती. मग आत्याने हात पुढे केला, चष्मेवाल्याने तिला उठवलं, आणि ती म्हणाली, "ऊठ. आण पाना. आज जातो म्हातारा बाहेर."

मग दोघं कामाला लागले. आत्या काठी टेकून उभी, चष्मेवाला पान्याला लटकलेला. डिझेलची नळी आवळली. "अजून," आत्या म्हणाली. फिल्टर. "अजून." चाक. "अजून. मागे नको घेऊस, मी बघतेय हाताकडे." त्याचा अंगठा चुळबुळत होता, पण त्याने त्याला दाबून धरला. शेवटी इंजिनाचं डोकं राहिलं. तिथे त्याने पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घातली, पाय भिंतीला लावला आणि तीस वर्षांचा तो केसभर एका झटक्यात वसूल करायला निघाला.

"बस?" त्याने दात आवळून विचारलं.

"थोडं अजून."

"बस?"

"अगदी थो..."

'टक्' असा आवाज झाला. फार मोठा नव्हता. पान्याची नळी सुटून चष्मेवाला मागच्या पोत्यांवर बसला. हातातल्या पान्यात नट होता आणि नटात अर्धा स्टड. उरलेला अर्धा इंजिनात, तोंडाशी साफ तुटलेला, धरायला नखाएवढीही जागा नाही.

म्हणजे डोकं पुन्हा काढायचं. गॅस्केट नवं. स्टड पोखरून काढायचा. त्याचे आटे पुन्हा पाडायचे. चष्मेवाल्याला समोर पार्टवाला दिसला, शांत, गलेलठ्ठ, 'बरं' म्हणायच्या तयारीत. त्याला ओरडायचं होतं, पण आवाज फुटेना. त्याने पाना शेडच्या कोपऱ्यात भिरकावला. तो नेमका मऊ पोत्यावर पडला आणि त्याचाही आवाज झाला नाही. तेवढंही सुख नाही!

आत्या भिंतीला टेकली होती. खांदे हलत होते.

"हसू नकोस."

"हसत नाहीये. कंबर दुखतेय." आणि मग ती इतकी हसली की तिला खोक्यावर बसावं लागलं. पडल्यापासून ती हसलीच नव्हती, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. "तोंड बघ तुझं. अरे, इंजिनातही इतकं काळं नाही."

हसून झाल्यावर ती उठली, काठी टेकत घरात गेली आणि बरोबर एक कापडी बॅग घेऊन आली. बॅग गच्च भरलेली होती, वरच्या पट्टीला गाठ मारलेली, गाठीवर धूळ.

"ही कधी भरलीस?"

"तुला काय करायचंय? गाडीत ठेव."

"पण तुझी अट?"

"अट माझी आहे. मोडायला तुझी सही लागते?" तिने शेडमध्ये एकदा नजर फिरवली. म्हाताऱ्याच्या मडगार्डवर हात ठेवला आणि लगेच काढून पदराला पुसला. "दोघांपैकी एक तरी निघू दे. हा असाच बसणार. मी किती दिवस बसू?"

तिने घराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि चष्मेवाल्याच्या गाडीत पुढे जाऊन बसली. त्याने बॅग मागे ठेवली. गाडीत बसायला गेला, तर हिने काच खाली केली.

"स्टीअरिंग काढून आण."

"कशाला?"

"कोणी पळवला तर?"

"आत्या, तो हलत नाही. पळवणार कसा?"

"जगात तुझ्याहून हुशार माणसं आहेत. एखादा येईल, दुपारभरात दुरुस्त करेल आणि घेऊन जाईल. जा."

चष्मेवाला परत गेला. पोत्यावरून पाना शोधून काढला. स्टीअरिंगच्या मधली टोपी उचकटली आणि खालच्या नटाला पाना लावला. या नटाला त्याने आजवर हात लावला नव्हता. तो कधीकाळी आत्याने स्वतः आवळला होता. चष्मेवाल्याने जोर लावला. नळी घालून लावला. सीटवर उभा राहून लावला. पाना सटकला आणि उरलेलं एक धड बोटही सोलून निघालं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"निघत नाहीये!"

"जोर लाव!"

"जोर लावला तर तुटेल!"

"मग जोर न लावता काढ!"

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांब. नट तसूभर हलला नाही. चष्मेवाल्याने पाना सीटवर ठेवला, शेडचं दार ओढलं, सोललेलं बोट तोंडात धरून गाडीशी आला आणि आत बसला. आत्याने त्याच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग हॉर्नकडे.

"हा असा घोगरा का वाजतो रे? कोणी बसवलाय?"

चष्मेवाल्याने गाडी सुरू केली.